भागीदारीत काय लिहून ठेवायचं: दुकानापासून घरापर्यंत

दोघांनी मिळून धंदा करायचा, नफा वाटून घ्यायचा आणि एकाने धंद्यासाठी केलेला व्यवहार दुसऱ्यालाही बंधनकारक राहील, एवढं झालं की भागीदारी झाली. कागद असो वा नसो. भागीदारी अधिनियम, १९३२ ला तोंडी भागीदारीही चालते. अडचण पुढे येते. ज्या मुद्द्यावर तुम्ही काहीच ठरवलेलं नसतं, त्यावर कायद्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि बहुतेकांना ते वकिलाच्या ऑफिसात बसल्यावर पहिल्यांदा कळतं. म्हणून भागीदारी धंद्याची असो, फ्लॅटची असो की संसाराची, आधी एकच गोष्ट तपासा: आपण गप्प राहिलो तर कायदा काय धरून चालेल? ते मान्य असेल तर प्रश्नच नाही. मान्य नसेल तर ते लिहून ठेवायला हवं.

आधी ही भागीदारी आहे का, ते पाहा

बिल्डरचा 'चॅनेल पार्टनर' आणि दारात पार्सल घेऊन येणारा 'डिलिव्हरी पार्टनर' हे कायद्याने भागीदार नाहीत. त्यांचे करार कमिशनचे किंवा सेवेचे असतात. तुमच्या धंद्यात मामाने पाच लाख घातले आणि व्याजाऐवजी नफ्याचा हिस्सा मागितला, तर तेवढ्याने मामाही भागीदार होत नाहीत. नफ्यात वाटा हा पुरावा आहे, पण तो एकटा पुरत नाही. एकमेकांच्या वतीने व्यवहार करून एकमेकांना बांधून घेण्याचा अधिकार आहे का, ही खरी कसोटी.

पैसे कर्जाऊ असतील तर साधा कर्जाचा करार करा. त्यात 'पैसे देणारे भागीदार नाहीत, धंद्याच्या देण्याला जबाबदार नाहीत' हे वाक्य घाला. ते नसेल तर उद्या मार्केट यार्डातला आडत्या थकलेल्या उधारीसाठी मामांच्या दारात उभा राहू शकतो. मामा स्वतः गाळ्यावर बसून 'आमचा धंदा' म्हणत फिरत असतील, तर त्यांच्यावर विसंबून ज्याने उधारी दिली त्याला ते जबाबदारही ठरू शकतात, कागदावर भागीदार नसले तरी.

गप्प राहिलात तर काय होतं, आकड्यांत

कोथरूडला दोघी मिळून डबे पुरवण्याचं किचन सुरू करतात असं धरू. एक १२ लाख रुपये घालते. दुसरी पैसे घालत नाही, पण पहाटे पाचपासून स्वयंपाक, माणसं, खरेदी सगळं तीच बघते. 'आपण काय परक्या आहोत का' म्हणून कागद होत नाही.

वर्षअखेर सहा लाख नफा झाला. कलम १३ प्रमाणे वाटणी समसमान, तीन-तीन लाख. राबणारीला पगार नाही, कारण ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मिळत नाही. पैसे घालणारीला १२ लाखांवर व्याजही नाही. हां, ठरलेल्या भांडवलापलीकडे तिने आणखी पैसे दिले असते, तर त्या जादा रकमेवर सहा टक्के मिळाले असते. दोघींनाही आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं आणि दोघींचंही बरोबर असतं.

आता उलटं बघू. किचन चाललं नाही, बंद करायचं ठरलं. डीप फ्रीझर, शेगड्या, चिमणी विकून आणि जागेचं डिपॉझिट परत येऊन पाच लाख हाती आले. किराणावाला, गॅस आणि पगार मिळून तीन लाखांची देणी होती, ती फिटली. उरले दोन लाख. भांडवल १२ लाख होतं, म्हणजे तोटा १० लाख. तोटाही समसमान, पाच-पाच लाख. जिने पैसे घातले तिचे १२ मधून पाच गेले, तिला सात लाख मिळायला हवेत. जिने एक रुपयाही घातला नाही तिच्याकडून पाच लाख येणे. म्हणजे वर्षभर पहाटे उठून राबल्यावर तिने घरून पाच लाख आणायचे, शिल्लक दोन लाखांत मिळवायचे आणि सात लाख मैत्रिणीला द्यायचे.

हे कलम ४८ चं सरळ गणित आहे. बुडालेलं भांडवल हाही तोटाच, आणि तो नफ्याच्याच प्रमाणात वाटला जातो. बहुतेकांची समजूत असते की ज्याचे पैसे त्याचे बुडाले. तसं हवं असेल तर करारात एक वाक्य पुरतं: 'भांडवलाचा तोटा ज्याने भांडवल घातलं त्यानेच सोसायचा.' हे वाक्य नसल्यामुळे जेवढी नाती तुटतात तेवढी नफ्यावरून तुटत नाहीत.

भागीदारीपत्रात काय काय हवं

तयार नमुने सीएकडे असतात. त्यात नावं-पत्ते भरून सही करणं सोपं आहे, पण पुढचे मुद्दे त्या नमुन्यांत अर्धेमुर्धे असतात किंवा नसतातच.

भांडवल रोख असेल तर रक्कम आणि ती कुठल्या खात्यातून आली हे लिहा. वस्तू असतील तर यादी करा आणि प्रत्येकीची मान्य किंमत लिहा. जागा भागीदाराच्या मालकीची असेल तर ती भांडवल म्हणून आणू नका. तसं केल्यास मुद्रांक शुल्क विक्रीखतासारखं लागतं आणि जागा फर्मची होते. त्यापेक्षा मालकाने ती फर्मला लीव्ह अँड लायसन्सने द्यावी आणि तो करार नोंदवावा. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीचीच आहे.

पगार, व्याज आणि नफा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहा. कोण वर्किंग पार्टनर, कुणाला किती मोबदला, भांडवलावर किती टक्के व्याज, आणि हे वजा जाता उरलेल्या नफ्याचं प्रमाण काय. महिन्याची उचल किती आणि ती कुणाला विचारून, हेही लिहा. उचलीची मर्यादा नसेल तर पहिल्या दिवाळीलाच कुरबुर सुरू होते.

सह्यांचे अधिकार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कायद्याने प्रत्येक भागीदार धंद्याच्या नेहमीच्या कामात फर्मच्या नावाने उधार माल घेऊ शकतो, आणि ती उधारी सगळ्यांची होते. प्रत्येक जण पूर्ण रकमेला जबाबदार, आपापल्या टक्क्यापुरता नव्हे. तुम्ही करारात '५० हजारांवरच्या खरेदीला दोघांची संमती' लिहिलंत, पण रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला ते माहीतच नसेल, तर त्याच्यापुरतं ते बंधन नसल्यासारखंच. म्हणून मर्यादा लिहून थांबू नका. नेहमीच्या पुरवठादारांना पत्र द्या आणि बँकेत एका ठरावीक रकमेवर दोन सह्यांची सूचना नोंदवा. काही गोष्टी एकट्या भागीदाराला मुळातच करता येत नाहीत: फर्मचं खातं स्वतःच्या नावाने उघडणं, फर्मची जागा घेणं किंवा विकणं, येणं सोडून देणं, वाद लवादाकडे नेणं. बाकी सगळीकडे दार उघडं असतं.

मतभेद झाले तर रोजच्या बाबी बहुमताने ठरतात आणि धंद्याचं स्वरूप बदलायला सगळ्यांची संमती लागते. पण भागीदार दोनच असतील तर बहुमत कसलं? अशा वेळी विषय वाटून घ्या: खरेदी आणि माणसं एकीची, हिशेब आणि वसुली दुसरीची, आपापल्या विषयात शेवटचा शब्द जिचा तिचा. त्यावरही अडलं तर एकच लवाद, ठिकाण पुणे. लवाद म्हणून दोघींपैकी कुणाचा नातेवाईक नको आणि फर्मचा सीएसुद्धा नको.

मग त्या गोष्टी, ज्या कागदावर कुणाच्याच नसतात. अन्नपदार्थांचा परवाना कुणाच्या नावाने? जागेचा करार कुणाच्या नावाने? इन्स्टाग्रामचं पान आणि गूगलवरची नोंद कुणाच्या मोबाइलला जोडलेली? ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपचा ओटीपी कुणाला येतो? भांडण झाल्यावर ज्याच्याकडे ओटीपी येतो त्याच्याकडे धंदा जातो. हे सगळं फर्मच्या मालकीचं आहे असं लिहा आणि फर्मच्या नावाने वेगळं सिमकार्ड घ्या.

बाहेर पडण्याचा रस्ता, मृत्यूसह

मुदत लिहिली नसेल आणि भागीदारी कशी संपवायची हेही ठरलेलं नसेल, तर ती 'मर्जीवरची भागीदारी' ठरते. कुणीही एक भागीदार बाकीच्यांना लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. चालता धंदा एका पत्राने थांबू नये असं वाटत असेल, तर निवृत्तीसाठी तीन किंवा सहा महिन्यांच्या सूचनेची अट ठेवा, आणि 'एकाने बाहेर पडल्याने फर्म विसर्जित होणार नाही' असं स्पष्ट लिहा.

बाहेर पडणाऱ्याला किती द्यायचं हे आजच ठरवा, कारण त्या दिवशी ठरणार नाही. एक वापरता येणारा मजकूर (गुडविल म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत): 'मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दुप्पट रक्कम ही फर्मची गुडविल धरली जाईल. निवृत्त होणाऱ्या भागीदारास त्याचे भांडवल खाते आणि गुडविलमधील त्याचा हिस्सा देय राहील. त्यापैकी २५ टक्के रक्कम ६० दिवसांत व उर्वरित रक्कम १२ समान मासिक हप्त्यांत, वार्षिक ९ टक्के व्याजासह दिली जाईल.' पट, टक्के आणि मुदत तुमच्या धंद्याला बेतून घ्या. डब्यांच्या किचनला दुप्पट ठीक आहे. नावावर चालणाऱ्या डॉक्टर किंवा सीएच्या व्यवसायात माणूस गेला की ग्राहकही जातो, तिथे एवढी गुडविल धरू नका. हिशेब न करता जुना भागीदार तसाच बाजूला ठेवला आणि त्याच्या पैशावर धंदा चालू ठेवला, तर त्याला नंतरच्या नफ्यातला त्याच्या पैशाच्या वाट्याचा भाग किंवा सहा टक्के व्याज, यांतलं जे फायद्याचं ते मागता येतं.

बाहेर पडलेला भागीदार शेजारच्या गल्लीत तसाच धंदा काढू शकतो का? करारात काही नसेल तर हो. फक्त फर्मचं नाव वापरता येत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढता येत नाही. मनाई हवी असेल तर ती वाजवी हवी: ठरावीक मुदत किंवा ठरावीक भाग. 'दोन वर्षे, कोथरूड, कर्वेनगर व वारजे' हे टिकण्यासारखं आहे. 'कायमचे, संपूर्ण महाराष्ट्रात' हे टिकणं अवघड.

मृत्यूचं कलम लिहिताना थोडा वेळ द्या. काहीच लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. बहुतेक नमुन्यांत 'मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार धंदा चालवतील' असं असतं, आणि तीन किंवा जास्त भागीदार असतील तर ते चालतं. पण भागीदार दोनच असतील तर ते कलम उपयोगाचं नाही, कारण एकट्या माणसाची फर्म होत नाही. उपाय दोन. एक, विश्वासाचा तिसरा भागीदार सुरुवातीपासूनच छोट्या टक्क्याने घ्या. दुसरा, अमुक वारस ठरावीक दिवसांत भागीदार होईल असं लिहा, पण त्या वारसाने मान्यता द्यावी लागते हे लक्षात ठेवा, कारण भागीदारी कुणावर लादता येत नाही. वारस अठराच्या आतला असेल तर त्याला फक्त फायद्यात सामील करता येतं, आणि तेही सगळ्या भागीदारांच्या संमतीने. सज्ञान झाल्यावर, किंवा आपण फायद्यात सामील आहोत हे त्याला उशिरा कळलं तर कळल्यावर, सहा महिन्यांत त्याने 'मी भागीदार नाही' अशी जाहीर सूचना दिली नाही तर तो पूर्ण भागीदार होतो, देण्यांसकट.

निवृत्ती घरात जाहीर करून संपत नाही. बाहेरच्या जगाच्या लेखी तुम्ही भागीदार राहता ते जाहीर सूचना होईपर्यंत. ती सूचना नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत फर्म निबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे), राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. जीएसटीचं तर स्वतंत्र कलमच आहे: निवृत्तीपासून एक महिन्यात जीएसटी खात्याला लेखी कळवलं नाही, तर ज्या दिवशी कळवाल त्या दिवसापर्यंतचा कर तुमच्याही डोक्यावर. हे पत्र स्वतः द्या, पोच घ्या. 'सीए बघतील' यावर सोडू नका.

स्टॅम्प, नोंदणी, खातं

क्रम असा ठेवा. मसुदा पक्का झाला की मुद्रांक शुल्क भरा, मग सह्या करा. रोख भांडवलावर महाराष्ट्रात एक टक्का दराने शुल्क लागतं आणि त्याला वरची मर्यादा आहे. दर बदलत असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांचे कितीतरी दस्त ५०० वर गेले, तेव्हा जुना कागद पाहून रक्कम ठरवू नका. कमी स्टॅम्पचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. फरकाची रक्कम आणि दरमहा दोन टक्के दंड भरल्यावरच तो वाचला जातो. सह्या सगळ्या पानांवर, दोन साक्षीदार, मग नोटरी.

फर्मचा पॅन काढा, त्याचं चौथं अक्षर एफ असतं. पॅन आणि भागीदारीपत्र घेऊन चालू खातं उघडा. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना पुरते, वीस झाली की नोंदणी. २०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती. जीएसटी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मालाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीनंतर सक्तीचा. डब्यांचा धंदा सेवेत मोडतो, म्हणजे २० लाख धरा.

फर्मची नोंदणी निबंधकाकडे करणं अनेक जण टाळतात, कारण तिच्यावाचून धंदा चालतो. तो चालतो, जोवर उधारी थकत नाही. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेली फर्म करारातून आलेल्या येण्यासाठी ग्राहकावर दावा लावू शकत नाही. ग्राहक मात्र फर्मवर लावू शकतो. शिवाजीनगरच्या कोर्टात दावा दाखल केल्यावर मागाहून नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. तो मागे घेऊन, नोंदणी करून, मुदत उरली असेल तर नव्याने दाखल करावा लागतो. दावा लावणाऱ्या दिवशी सध्याच्या भागीदारांची नावंही निबंधकाच्या नोंदवहीत हवीत, म्हणून भागीदार बदलला की लगेच बदल नोंदवा. फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेबासाठी भागीदारांमधला दावा मात्र नोंदणीवाचूनही चालतो. महाराष्ट्राने १९८४ साली ती वाटही बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद रद्द केली. कुणी अजून जुना नियम सांगून घाबरवत असेल तर हे माहीत असू द्या.

कर

फर्मला नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. पहिल्या रुपयापासून, कुठलाही स्लॅब नाही. फर्मने कर भरल्यावर भागीदाराच्या हाती आलेला नफ्याचा हिस्सा करमुक्त असतो. म्हणून वर्किंग पार्टनरचा मोबदला महत्त्वाचा. तो फर्मला खर्च म्हणून मिळतो, पण मर्यादेत: पुस्तकी (मोबदला वजा करण्याआधीच्या) नफ्याच्या पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के किंवा तीन लाख, यांतलं जास्त, आणि उरलेल्यावर ६० टक्के. दहा लाख नफा असेल तर ५.४ लाख अधिक २.४ लाख, एकूण ७.८ लाख. मोबदला अजिबात न घेतल्यास फर्मचा कर ३ लाख १२ हजार होतो. पूर्ण घेतल्यास २.२ लाखांवर ६८ हजार ६४०. मोबदला भागीदाराच्या हाती करपात्र होतो, पण तिथे त्याला स्लॅब मिळतो. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंत खर्च म्हणून धरलं जातं.

अट अशी की हे दोन्ही भागीदारीपत्रात लिहिलेलं हवं, रकमेने किंवा सूत्राने. 'परस्पर ठरेल तो मोबदला' या वाक्यावर खर्च नामंजूर होतो. दुरुस्ती केली तर ती पुढच्या काळाला लागू होते, मागच्याला नाही, त्यामुळे मार्चअखेरीस जाग येऊन उपयोग नसतो. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त मोबदला, व्याज वगैरे दिलं तर फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, मग पैसे हातात दिलेले असोत की नुसते त्याच्या खात्यावर जमा. छोट्या फर्मना याची अजून सवय नाही, आणि टीडीएस भरायला लागणारा टॅन नंबरही काढलेला नसतो. तो आधी काढा.

नवरा-बायको दोघं भागीदार असतील तर एक सावधगिरी. फर्मच्या नफ्यात एकाचा वाटा २० टक्के किंवा जास्त असेल आणि दुसऱ्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर दुसऱ्याचा मोबदला पहिल्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. कागदावरचं काम खरंच होत असेल तर त्याचा पुरावा ठेवा.

एलएलपी कधी घ्यावी

देणी मोठी होण्याची शक्यता असेल, भागीदार एकमेकांना फार जुने ओळखत नसतील, किंवा बाहेरून पैसा येणार असेल, तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, बरी. हिंजवडी-बाणेरच्या सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या दोघा-तिघांना ती शोभते, तुळशीबागेतल्या गाळ्याला तिची गरज नसते. इथे भागीदाराची जबाबदारी त्याच्या ठरलेल्या भांडवलापुरती, आणि एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याचं घर जात नाही. फसवणुकीला मात्र हे संरक्षण नाही. आणि बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली की त्या कर्जापुरती मर्यादा संपलीच. सही करण्याआधी हमीपत्र वाचा.

दोन डेझिग्नेटेड पार्टनर (कायद्याच्या पूर्ततेला जबाबदार भागीदार) लागतात, त्यांतला एक भारतात राहणारा. डिजिटल सह्या काढायच्या, नाव राखून ठेवायचं, अर्ज ऑनलाइन. पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डीला आहे, पण नोंदणीसाठी तिथे खेटे घालायची वेळ येत नाही. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत एलएलपी करार दाखल करावा लागतो. इथेच लोक चुकतात. प्रमाणपत्र मिळालं की काम झालं असं समजतात, करार राहतो आणि विलंब शुल्क वाढत जातं. शिवाय करार नसेल तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते, आणि तिथेही तेच: समान नफा, मोबदला नाही.

दरवर्षी ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचं विवरण, धंदा शून्य असला तरी. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की ऑडिट. भागीदार एकच उरला आणि सहा महिन्यांत दुसरा आला नाही, तर त्यानंतरच्या देण्याला तो उरलेला वैयक्तिकरीत्या जबाबदार.

जागेतली भागीदारी

दोन भावांनी किंवा मित्रांनी मिळून फ्लॅट घेतला आणि दस्तात टक्के लिहिले नाहीत, तर ज्याने जेवढे पैसे दिले तेवढा त्याचा हिस्सा. पैशाचा पुरावा सापडला नाही तर समसमान. दस्त नोंदवतानाच 'अमुक ६० टक्के, तमुक ४० टक्के' लिहून घ्या. गृहकर्जात मात्र टक्केवारी चालत नाही. सहकर्जदार पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, दुसऱ्याने हप्ता चुकवला की सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या पतीचा गुणांक) दोघांचा खराब होतो. महिलांना मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत सगळ्या खरेदीदार महिला असतील तरच मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की जाते.

मुळशी-पानशेतकडे चार मित्रांनी मिळून प्लॉट घेताना 'नाव एकाचं, पैसे चौघांचे' हा प्रकार करूच नका. तो बेनामी व्यवहार कायद्यात अडकतो आणि उरलेल्या तिघांना हक्क मागायला कोर्टाची वाटही बंद होते. शेतजमीन असेल तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. चौघांपैकी एकच शेतकरी आहे म्हणून त्याच्या नावाने घेणं हा त्याच खड्ड्याचा दुसरा रस्ता.

एकत्र कुटुंबाचा धंदा ही भागीदारी नाही. तिथे हक्क कराराने नव्हे, जन्माने येतो. महाराष्ट्रात मुलींना हा हक्क १९९४ साली मिळाला, देशभर २००५ मध्ये, आणि वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लक्ष्मी रोडवरचं वडिलोपार्जित दुकान भावांनी आपसात भागीदारी करून वाटून घेताना बहिणींना वगळलं, तर तो कागद पुढे टिकत नाही.

संसारातली भागीदारी

लग्नात जवळजवळ सगळं कायद्याने लिहिलेलं आहे: वारसा, पोटगी, मुलांचा ताबा. तुमचं काम फक्त पुरावा करणं. धार्मिक विधीने लग्न झालं असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ९० दिवसांच्या आत नोंदणी करा. विशेष विवाह कायद्याने करायचं असेल तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य हवं. नोटीस द्या, ३० दिवस थांबा, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करा. तीन महिने उलटले तर नोटीस पुन्हा. लग्नाने एकमेकांच्या कमाईवर आपोआप निम्मी मालकी मात्र येत नाही, त्यामुळे दोघांच्या पैशाने घेतलेल्या घरावर दोघांची नावं असू द्या.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांसाठी चित्र उलटं आहे. विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण, राहत्या घराचा हक्क आणि आर्थिक साहाय्य मागता येतं. पण जोडीदार म्हणून वारसाहक्क नाही. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. संयुक्त बँक खातं आणि नॉमिनेशनला मात्र अडथळा नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे इथे जवळपास प्रत्येक गोष्ट स्वतः लिहावी लागते. भाडेकरारावर दोघांची नावं घाला, नाहीतर ज्याचं नाव नाही त्याला मालक कधीही बाहेर काढू शकतो. मृत्युपत्र करा. साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्प लागत नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी नातेवाईक हरकत घेतील असं वाटत असेल तर दुय्यम निबंधकाकडे करून टाका.

नॉमिनेशन केलं म्हणजे मालकी दिली असं नव्हे. नॉमिनी सर्वसाधारणपणे विश्वस्तासारखा रक्कम स्वीकारतो, वारस नंतर मागू शकतात, म्हणून मृत्युपत्र आणि नॉमिनेशन दोन्हींत एकच नाव हवं. भविष्य निर्वाह निधीचा नियम त्याहून कडक आहे. तुम्हाला कायद्याच्या व्याख्येतलं कुटुंब असेल तर बाहेरच्या व्यक्तीचं नॉमिनेशन चालत नाही. आणि लग्न झालं की आधी केलेलं नॉमिनेशन रद्द होतं, तेव्हा लग्नानंतर ते पोर्टलवर जाऊन नव्याने भरावं लागतं.